नाडी, नस आणि 'म्हणजेच'

मराठी लेखनात काही शब्द दिसावयास अगदी गरीब असतात, पण घरात शिरले की सारा कारभार हाती घेतात. 'म्हणजेच' हा त्यांतला एक. दिवाळी अंकांत आपल्या जुन्या विद्यांची आणि आधुनिक शास्त्राची सोयरीक जमविणारा एखादा लेख बहुधा असतो. तो उघडून पाहावा. वात म्हणजेच मज्जासंस्था, चक्रे म्हणजेच ग्रंथी, आणि अलीकडे चिनी वैद्यकाचे कौतुक वाढल्यापासून यिन-यांग म्हणजेच शरीरातील दोन परस्परविरोधी मज्जातंतूंची जोडी. चकलीचा तुकडा मोडावा इतक्या सहजपणे हे सारे सांगितलेले असते. वाचकाला बरे वाटते. लेखकाला तर त्याहून बरे वाटते. मला मात्र या लग्नांत नेहमी एक शंका येते. वधूवरांनी एकमेकांना पाहिले आहे काय? की मध्यस्थानेच परस्पर पत्रिका जुळवून टाकल्या?

या प्रकारच्या लेखनाचा आपल्याकडचा एक मूळपुरुष मला नुकताच नीट वाचावयास मिळाला. जुन्या पुस्तकांच्या छायाप्रती आता एकोडीसारख्या गावीही घरबसल्या मिळतात, हा या काळाचा एक मोठाच उपकार आहे. मुंबईचे डॉ. वसंत गंगाराम रेळे यांनी १९२७ साली 'द मिस्टीरियस कुंडलिनी' हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचा उगम मोठा नाट्यपूर्ण आहे. देशबंधू नावाच्या एका योग्याने मुंबईच्या वैद्यकीय मंडळींसमोर नाडी आणि हृदयाचे ठोके इच्छेनुसार थांबविण्याचा प्रयोग करून दाखविला. जमलेले डॉक्टर थक्क झाले. रेळे नुसते थक्क होऊन थांबले नाहीत. हे कसे घडत असेल, याचा त्यांनी विचार केला, त्यावर १९२६ साली बाँबे मेडिकल युनियनपुढे निबंध वाचला आणि पुढे त्याचेच पुस्तक झाले. त्यांचा सिद्धांत थोडक्यात असा: योगशास्त्रातील कुंडलिनी म्हणजेच उजवी व्हेगस नस.

ही व्हेगस कोण, ते येथे सांगितलेच पाहिजे, कारण पुढचे सारे प्रकरण तिच्याभोवती फिरते. आपल्या शरीरातील काही कामे आपल्याला विचारून होत नाहीत. कानाशी अचानक सुतळी बाँब वाजला की छाती धडधडते, तळहाताला घाम सुटतो, तोंड कोरडे पडते. दुपारी फराळ अंमळ जास्त झाला की डोळे मिटू लागतात, नाडी संथ होते आणि पोट आपल्या उद्योगाला लागते. या दोन्ही गोष्टी चालविणाऱ्या मज्जातंतूंच्या व्यवस्थेला केंब्रिजच्या लँग्ले यांनी १८९८ साली स्वायत्त मज्जासंस्था हे नाव दिले. तिचे मुख्य विभाग दोन. धावपळीच्या प्रसंगी पुढे सरसावणारी ती अनुकंपी. विसाव्याच्या, पचनाच्या वेळी कारभार पाहणारी ती परानुकंपी. या दुसरीची सर्वांत लांब नस म्हणजे व्हेगस. ती मेंदूच्या देठापासून निघते आणि गळा, हृदय, फुप्फुसे करीत पोटापर्यंत भटकत जाते. लॅटिनमध्ये व्हेगस म्हणजे भटकी. आपल्या परिभाषाकारांनी तिचे नाव ठेवले 'प्राणेशा'. भटकीची प्राणेशा झाली! शास्त्रीय परिभाषा घडवितानाही आपला हात 'म्हणजेच'कडे कसा आपोआप वळतो, याचा हा एक गोड नमुना.

रेळे यांच्या पुस्तकाचा अव्हेर करावा असे मला मुळीच वाटत नाही. त्यांच्या काळी ही मज्जासंस्था वैद्यकातही नवी होती. व्हेगसच्या टोकाशी एक रसायन पाझरते आणि त्याने हृदय मंदावते, हे ओटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर दाखविले ते १९२१ साली, म्हणजे पुस्तकाच्या अवघी सहा वर्षे आधी. मुंबईत बसून इतक्या ताज्या ज्ञानाला हात घालणारा आणि त्याच वेळी हठयोगाचे ग्रंथ आदराने वाचणारा डॉक्टर हा सामान्य माणूस नव्हे. पुस्तकाची मांडणी सरळ आहे, आकृत्या आहेत, आणि लेखक आपले म्हणणे लपवीत नाही. यासाठी त्यांना मान दिला पाहिजे.

पण पुस्तकाचे पहिले आणि माझ्या मते सर्वोत्तम परीक्षण त्या पुस्तकातच छापलेले आहे. प्रस्तावना सर जॉन वुड्रॉफ यांची; तंत्रग्रंथांचे ते गाढे अभ्यासक. त्यांनी रेळ्यांच्या कल्पकतेची वाखाणणी केली आणि सौजन्य न सोडता सांगितले की कुंडलिनी ही कोणती एक नस आहे हे आपल्याला पटत नाही. ती सर्वसंभवरूप शक्ती आहे, तिला शरीरातल्या एखाद्या अवयवाशी एकरूप मानता येणार नाही. लेखकानेही ही असहमती आपल्या पुस्तकाच्या दारातच बसू दिली. आजच्या प्रस्तावना वाचणाऱ्यांना या दिलदारीचे मोल कळेल.

मात्र वुड्रॉफ यांचा आक्षेप जुन्या शब्दाच्या बाजूने आहे: कुंडलिनीला नस म्हटल्याने कुंडलिनी लहान होते. माझा आक्षेप नव्या शब्दाच्याही बाजूने आहे. नसेला कुंडलिनी म्हटल्याने नसेचाही शोध थांबतो. 'म्हणजेच' लिहिले की पुढे विचारावयाचे काही उरतच नाही. आणि येथे तर विचारावयाचे बरेच होते. मनगटावर नाडी लागत नाही, एवढ्यावरून हृदय थांबले असे म्हणता येते काय? हा प्रश्न पुढे वेंगर, बागची आणि आनंद यांनी भारतातच योग्यांवर यंत्रे लावून तपासला आणि १९६१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हृदय थांबविण्याचा दावा करणाऱ्यांच्या मनगटावरची नाडी नाहीशी होत होती हे खरे. स्टेथोस्कोपलाही ठोके ऐकू येईनासे होत. परंतु विद्युत्‌आलेखावर हृदय आपले चालूच होते. श्वास कोंडून छाती आणि पोट यांचे स्नायू आवळले की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त अडते, आणि आतून बाहेर पडणारी लाट इतकी क्षीण होते की ती बोटाला पोहोचत नाही. देशबंधूंनी नेमके काय केले ते आता कोणी सांगू शकणार नाही. पण ज्या दृश्यावर सबंध सिद्धांत उभा राहिला, त्या प्रकारच्या दृश्याला व्हेगसवाचूनही अर्थ लागत होता.

याच सुमाराला लोणावळ्यास स्वामी कुवलयानंद वेगळ्या रीतीने कामाला लागले होते, याचा येथे आठव होतो. १९२४ साली त्यांनी कैवल्यधाम स्थापिले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात दाब किती घटतो, तो त्यांनी दाबमापक लावून मोजला. क्ष-किरणांनी चित्रे घेतली. 'नौली म्हणजेच अमुक' असे म्हणण्याआधी नौलीत काय होते ते पाहिले. रेळे आणि कुवलयानंद दोघेही एकाच काळाचे, दोघांचीही जुन्या विद्येवर सारखीच भक्ती. पण एकाने नावे जोडली आणि दुसऱ्याने मोजपट्टी आणली. रेळे पुढे या वाटेने आणखी दूर गेले. १९३१ सालच्या पुस्तकात त्यांनी वेदांतल्या देवता मज्जासंस्थेच्या निरनिराळ्या भागांवर नेऊन बसविल्या. त्याविषयी न बोललेले बरे.

आता चीनकडे वळू. आपल्या घरांत चीनचे वैद्यक प्रथम आले ते एका मराठी माणसाच्या नावाला चिकटून. पण तो स्वतः काही सुया टोचावयास गेला नव्हता. १९३८ च्या सप्टेंबरात मुंबईहून निघालेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, आमच्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. चोळकर होते, आणि कलकत्त्याचे बिजॉय कुमार बसू होते. कोटणीस तेथेच शस्त्रक्रिया करीत १९४२ च्या डिसेंबरात वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले; शांतारामांच्या १९४६ सालच्या चित्रपटाने त्यांना घरोघर पोहोचविले. सुईची विद्या आणली ती बसूंनी. ते पुढे पुन्हा चीनला गेले, तेथे ती शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात तिचा वापर करू लागले. आज महाराष्ट्रात तर या पद्धतीसाठी वेगळा कायदाच आहे.

चिनी वैद्यही नाडीच पाहतो. प्रत्येक मनगटावर तीन जागा, प्रत्येक जागी हलका आणि खोल असा दुहेरी दाब, आणि त्यांतून ओळखावयाच्या दोन-अडीच डझन चाली. तिसऱ्या शतकातल्या वांग शू-ह यांच्या नाडीग्रंथात चोवीस चाली सांगितल्या आहेत. एक चाल वाद्याच्या ताणलेल्या तारेसारखी, एक ताटात मोती घरंगळावेत तशी. आपल्याकडेही तीन बोटे, आणि वाताची नाडी सर्पासारखी, पित्ताची बेडकासारखी, कफाची हंसासारखी. मौज अशी की ही 'प्राचीन' नाडीपरीक्षा चरकात नाही, सुश्रुतातही नाही. ती ठळकपणे भेटते ती शार्ङ्गधराच्या संहितेत, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या आसपास. ती कोणाकडून कोणाकडे गेली, याचा वाद पंडितांनी करावा.

चिनी वैद्य रोगाचे नाव सांगत नाही, तो घडीचे नाव सांगतो. 'यकृताची छी कोंडली आहे', 'मूत्रपिंडाचा यांग उणा आहे'. (छी म्हणजे तेथील प्राणशक्ती. उच्चाराला हसू नये.) यकृताची छी कोंडलेला माणूस चिडका असतो, उसासे टाकतो, त्याच्या बरगड्यांखाली दाटून येते, झोप नीट लागत नाही, आणि नाडी तारेसारखी ताठ लागते. आधुनिक टीकाकार लगेच म्हणतो: ही तर अनुकंपी संस्थेची अतिरिक्त चेतना! दिसते खरे तसे. पण येथे थोडे थांबावे. अशी सोय पाश्चात्त्यांनीही एकदा करून पाहिली होती. व्हिएन्नाच्या एपिंगर आणि हेस यांनी १९१० साली माणसांची एक प्रकृतीच ठरविली. काही माणसे जन्मतः व्हेगसच्या अंमलाखालची, तर त्यांच्या उलट काही अनुकंपीच्या. कल्पना मोठी देखणी होती आणि काही वर्षे गाजली. पण एकाच माणसाच्या हृदयात एकीचा जोर आणि आतड्यांत दुसरीचा, असेही असू शकते हे दिसत गेले, आणि तो तराजू मोडला. मज्जासंस्था म्हणजे दोन पारड्यांचा काटा नव्हे. मग यिन-यांगाला त्या मोडक्या तराजूत बसवून आपण यिन-यांगाचा गौरव करतो, की त्याच्या गळ्यात पाश्चात्त्यांची टाकून दिलेली वस्तू अडकवितो?

दुसरे असे की ज्याची बरोबरी करावयाची ते चिनी निदान आधी स्थिर तरी हवे. अमेरिकेत संधिवाताच्या चाळीस रोग्यांना तीन चिनी वैद्यांनी स्वतंत्रपणे तपासले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांच्या निदानांचा मेळ सरासरीने सुमारे ३२ टक्के, म्हणजे तिघांत एक या मानाने बसला. ज्या शब्दावर तिघांचे एकमत नाही, तो शब्द एखाद्या नसेशी कसा जोडणार? कोणत्या वैद्याचा शब्द जोडावयाचा?

हे वाचून कोणी म्हणेल की मी जुने निदान निकालात काढीत आहे. तसे नाही, आणि का नाही, हे मी घरातल्या उदाहरणाने सांगतो. माझ्या चुलतीला गेली काही वर्षे एक विचित्र त्रास होता. रोवणीच्या दिवसांत वाकून काम केल्यावर उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येई, छाती धडधडे, हातपाय गार पडत. शहरातल्या एका दवाखान्यात रक्त, लघवी, छातीचा आलेख असे सारे झाले. सारे 'नॉर्मल'. डॉक्टरांनी तिला सांगितले, "बाई, तुम्हांला काही झालेले नाही." ती बाहेर आली ती रडतच. ज्याला काही झालेले नाही त्याला अंधारी का येते, हा तिचा प्रश्न रास्त होता. गावातल्या वृद्ध वैद्यांनी मात्र तिचे मनगट बराच वेळ धरले. झोप कशी, घाम किती, शौचास कसे होते, बसून उठताना त्रास की पडून उठताना, एवढे विचारले आणि "वात बिघडला आहे" म्हणून सांगितले. त्या एका शब्दाने तिला हायसे वाटले. तिचे गाऱ्हाणे खरे ठरले होते. गार हात, धडधड, अंधारी, बिघडलेला कोठा ही सुटीसुटी दुखणी नसून त्यांचे आपसांत काही नाते आहे, हे त्या शब्दाने ओळखले होते. आणि ते नाते आहेच. त्याचेच आजचे नाव स्वायत्त मज्जासंस्था.

परंतु नवे नाव एक गोष्ट करते जी जुन्या नावाने होत नव्हती. माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरते. मानेच्या धमनीतले दाब जोखणारे तंतू ही खबर मेंदूला देतात, अनुकंपी तंतू रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाची गती वाढते, आणि सारे दोन-चार क्षणांत सावरते. हे सावरणे चुकले की अंधारी येते. तेव्हा रक्तदाब पडून मोजावा, मग उभे करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला, तर दुखणे हाती लागले. या तपासणीस पट्टा आणि घड्याळ यांपलीकडे काही लागत नाही. चुलतीचा दाब सर्वांनी मोजला होता, पण खुर्चीवर बसवून. गावातल्या परिचारिकेने तो उभ्याने मोजला तेव्हा आकडा बोलला. पुढे पाणी, मीठ आणि बेताबेताने उठणे यांवर तिचे बरेचसे निभावले. 'वात' या शब्दाने तिला धीर दिला. उभे करून दाब मोजा, हे मात्र त्याने कोणाला सुचविले नाही.

आणि येथेच, आमच्या या भागात, 'म्हणजेच'चा खरा धोका आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा वंशागत आजार पुष्कळ आढळतो; मध्य भारतातली त्याची नोंद 'लॅन्सेट'मध्ये १९५८ सालीच छापली गेली आहे. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडासांध्यांत असह्य कळा येतात. लहान मुलाच्या हातापायांवर सूज येते. अशा मुलाला कोणी "वात आहे" म्हटले, आणि वर एखाद्या सुशिक्षिताने "वात म्हणजेच मज्जासंस्था, शास्त्रानेही सिद्ध केले आहे" असे सांगितले, तर आईबापांनी रक्ताच्या एका थेंबाची तपासणी का करून घ्यावी? जुना शब्द एकटा असता तर कदाचित त्यांना शंका आली असती. नव्या शास्त्राची साक्ष जोडल्यामुळे तो शंकेच्या पलीकडे गेला. २०२३ सालापासून सिकलसेल निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू आहे. तिच्या आड येणारी जी काही भाषा असेल, तिचा हिशेब साहित्याच्या पानांवरही झाला पाहिजे असे मला वाटते.

तर मग जुने निदान आणि नवी मज्जासंस्था यांची गाठ कधी पडूच नये काय? पडावी. पण 'म्हणजेच' ऐवजी 'तर काय?' असे विचारून पडावी. शांघायच्या डॉक्टरांनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस 'मूत्रपिंडाचा यांग उणा' ठरविलेल्या रोग्यांची लघवी तपासली, आणि अधिवृक्क ग्रंथीच्या एका स्रावाचा अंश तीत कमी असल्याचे दिसले. पुढे त्याचेही लोकांनी 'म्हणजेच' केले, ते सोडा. पण निदान बाटलीत लघवी तरी होती.

सर्वांत सरस उदाहरण मात्र अगदी अलीकडचे आहे, आणि योगायोगाने तेही रेळ्यांच्या व्हेगसचेच. गुडघ्याखाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला, चिनी वैद्यांची 'पायाची तीन ली' नावाची प्रसिद्ध जागा आहे. पोटावर बेंबीच्या बाजूला आणखी एक आहे. चिनी नकाशात या दोन्ही जागा एकाच, जठराच्या, वाहिनीवर येतात. हार्वर्डच्या चिउफू मा यांनी आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी उंदरांवर दोन्ही ठिकाणी सुईतून सौम्य वीज सोडून पाहिली. २०२१ साली 'नेचर'मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा: पायातल्या सुईने व्हेगस जागी होते, ती अधिवृक्क ग्रंथीला चाळविते, आणि शरीरातला दाह उतरतो. पायातल्या विशिष्ट जातीचे मज्जातंतू काढून टाकले की हा परिणाम होत नाही. पोटावर तितक्याच सौम्य विजेने मात्र व्हेगस ढिम्म हलत नाही, कारण ते तंतू तेथे विरळ आहेत. म्हणजे जुन्या नकाशातली एक खूण इतकी बरोबर, की तिच्यावरून व्हेगसची नवी वाट सापडली. आणि त्याच नकाशातली रेघ, निदान या कामापुरती, चूक. 'वाहिनी म्हणजेच नस' असे म्हणून जो स्वस्थ बसला त्याला यांतले एकही कळले नसते.

हे सारे मी आमच्या वैद्यांना सांगितले. ते धान कापणीच्या गडबडीत होते, तरी बांधावर बसून त्यांनी ऐकले. उंदरांविषयी त्यांना फारसे ममत्व दिसले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "पोटावर मग जास्त वीज सोडली तर?" मी सांगितले की तेही करून पाहिले आहे, २०२० साली त्याच मंडळींनी लिहिले आहे की त्याने अनुकंपी संस्था जागी होते, आणि दाह सुरू होण्याआधी सुई दिली तर तो कमी होतो, दाह भडकल्यावर दिली तर तो आणखी वाढतो. जागा तीच, सुई तीच, वीजही तितकीच. वैद्य थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि दाह नुसता लागत असताना दिली तर? अर्धा चढलेला असताना?" त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. तो लेख पुन्हा वाचून सांगतो म्हणालो.